फोटोतला नाल्कू

मुलीने बेंगळुरूहून येताना एक कॅमेरा आणला. फिकट निळा, गुबगुबीत, खेळण्यासारखा. फोटो काढला की वरच्या फटीतून तिथल्या तिथे कागद बाहेर येतो, असं तिने मोठ्या कौतुकाने सांगितलं. मी म्हणालो, "असले कॅमेरे माझ्या लहानपणीही होते. आपल्याकडे नव्हते, एवढंच." तिला ते आवडलं नाही. आपण शोधून काढलेली गोष्ट बापाला आधीच ठाऊक असावी, हे कुठल्याच पिढीला आवडत नाही.

मला खरी मजा वाटली ती पुढे. एरवी ही मुलगी फोनवर एका मसाला डोशाचे इतके फोटो काढते की डोसा गार होतो. त्यातला एकही तिने पुन्हा उघडून पाहिल्याचं मला माहीत नाही. तीच मुलगी आता कॅमेरा डोळ्यापाशी नेत होती आणि पुन्हा खाली घेत होती. आतले कागद मोजकेच, वाया घालवायचे नाहीत. "अप्पा, सरळ बसा. अप्पा, उजेडात या. अप्पा, डोळे!" मी निमूटपणे सगळं करत होतो. असले हुकूम मी पूर्वी पुष्कळ ऐकलेले होते, ह्याच घरात.

ते माझ्या वडिलांचे. वडील कचेरीत कारकून होते आणि घरात फारसं बोलायचे नाहीत. पण त्यांच्याकडे रोलचा एक कॅमेरा होता, चामड्याच्या कव्हरातला, आणि तो गळ्यात अडकवला की हा शांत माणूस एकदम फौजदार व्हायचा. दसऱ्याला घातलेला रोल उगादीपर्यंत पुरवायचा, हा त्यांचा नेम. त्यामुळे प्रत्येक फोटोआधी विचार व्हायचा, कपडे बदलले जायचे, थोडं भांडणही व्हायचं. मग "श्वास धरा" अशी आज्ञा सुटायची. खटक्याचा बारीक आवाज आला की आम्ही सगळे एकदम श्वास सोडायचो. आज ते फोटो बघताना सगळ्यांच्या छात्या फुगलेल्या दिसतात. आमच्या घराण्यात इतकी ताठ माणसं प्रत्यक्षात कधीच नव्हती.

रोल संपला की वडील तो सायकलवरून लष्कर मोहल्ल्यातल्या एका स्टुडिओत धुवायला द्यायचे. मग वाट पाहणं. त्या वाट पाहण्यात काय सुख होतं, ते मुलीला सांगून कळत नाही. आपण कसे दिसलो आहोत हे कुणालाच ठाऊक नसायचं, त्यामुळे पाकीट येईपर्यंत प्रत्येकजण मनातल्या मनात देखणा असायचा. पाकीट आलं की भ्रमाचा भोपळा फुटायचा. कुणाचे डोळे मिटलेले, कुणी हललेलं, एका फोटोत तर वडिलांचाच अंगठा. पण तोही अल्बममध्ये लागायचा. काढला गेला होता ना, मग तो फोटोच. त्या काळाचं मला ह्यासाठी फार कौतुक वाटतं. तेव्हा चुकलेल्या फोटोलाही घरात जागा होती.

तर मुलीला पहिला फोटो हवा होता तो आम्हा तिघांचा: माझी आई, मी आणि ती. बायको हुणसूरला बहिणीकडे गेली होती. कॅमेरा टेबलावर ठेवून थोड्या वेळाने आपोआप खटका दाबला जाईल अशी त्यात सोय होती. मुलगी टेबल सरकवायला लागली, तेवढ्यात आईने कॉफीचा पेला खाली ठेवला.

"तिघांचा? बेड ग बाई, बेड, तिघांचा नको. आधी कुणीतरी नाल्कू बघ."

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. "नाल्कू म्हणजे, अप्पा? फोर?"

कन्नडमध्ये नाल्कू म्हणजे चार, हे खरं. पण आमच्या घरात नाल्कू म्हणजे माणूस. तिघांचा फोटो काढला तर त्यातला एकजण जातो, अशी समजूत पुष्कळ घरांत असते. आमची पंचाईत अशी, की आमचं घर नेमकं तिघांचं होतं, आई, वडील आणि मी. म्हणजे घरात एवढा कॅमेरा, आणि घराचा म्हणून एकही फोटो निघायचा नाही. शेवटी वडिलांनी तोड काढली. फोटोच्या वेळी जो कुणी हाताशी असेल त्याला धरून आणायचा आणि कडेला उभा करायचा. चार झाले, संकट टळलं. तो चौथा म्हणजे नाल्कू. "अरे, बाहेर बघ, कुणी नाल्कू मिळतो का!" असं आई ओरडायची आणि मी रस्त्यावर धावायचो. मीटर बघायला आलेला माणूस आमचा नाल्कू झालेला आहे. पेपरवाला झालाय, समोरच्यांकडे सोसले गावाहून आलेले पाहुणे झालेत, एकदा इस्त्रीवाला झाला, हातात आमचेच कपडे घेऊन. कन्नड माणसाला हा शब्द सांगितला तर तो हसतो. पुण्या-नाशिकहून इथे नोकरीला आलेल्या मंडळींना तर आमच्या निम्म्या मराठीचाच पत्ता लागत नाही. पण आमच्यापुरता तो पक्का मराठी शब्द आहे.

मुलीला हे सगळं भलतंच आवडलं. फोटो राहिला बाजूला, तिने अल्बम काढायला लावले आणि आजीला घेऊन सोफ्यावर बसली. मी म्हणालो, उजेड जाईल. कुणी ऐकलं नाही.

"अज्जी, हे काय?" तिने एका पानावर बोट ठेवलं. "इथे नुसतं कोपर आहे. आणि इथे अर्धी सायकल."

"नाल्कू आहे तो," आई म्हणाली. "कापला मी."

फोटो घरी आले की आई कात्री घेऊन बसायची, हे मला चांगलं आठवतं. ओळखीपाळखीचा नाल्कू असेल तर तो राहायचा, परका असेल तर कात्रीला जायचा. "काढताना चार होते की नाही? मग झालं," आईने समजावलं. "चिकटवताना परका माणूस कशाला हवा मध्ये?" म्हणजे देव मोजतो ते फोटो काढताना, नंतर तो अल्बम उघडून तपासत नाही. हे तर्कशास्त्र ऐकून मुलगी उशीत तोंड खुपसून हसली. "अज्जी, तू सगळ्यांना क्रॉप केलंस!" मीही हसलो. हसण्यासारखंच होतं ते.

त्याच वेळी दारात फुलवाली आली. ती आमच्याकडे किती वर्षं फुलं देते ते आता कुणालाच आठवत नाही. चाळिशी ओलांडलेली, बोलायला कमी, चालायला भरभर. तिची आईदेखील ह्याच गल्लीत फुलं विकायची, असं कधीतरी तिच्याच बोलण्यात आलं होतं. मोगऱ्याची माळ कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत धरून ती मोजून देते. त्या मापाला इथे मोळ म्हणतात.

"नाल्कू आला!" मुलगी टाळ्या पिटत उठली.

फुलवालीला काही कळलं नाही. आईने "बा, बा, इल्ली बा" म्हणत तिला आत ओढलं आणि मुलीने कन्नडमध्ये समजावलं. तिने टोपली खाली ठेवली, पदर सारखा केला आणि अगदी कडेला, भिंतीला चिकटून उभी राहिली. मुलगी खटका लावून धावत आली. कॅमेऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकायला लागला, आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, "उसिरु हिडीरि!" श्वास धरा. वडिलांचाच सूर, फक्त कन्नडमध्ये.

कागद बाहेर आला, कोरा. "एनू बंदिल्ला," फुलवाली हळहळली. काहीच आलं नाही. मुलगी म्हणाली, थांबा. मग आम्ही चौघं त्या कागदावर वाकून उभे राहिलो. आधी दाराची चौकट आली, धुक्यातून यावी तशी. मग आईचे पांढरे केस राहिले आणि भोवतालचं सगळं गडद होत गेलं. माझा चष्मा आला. चेहरे सगळ्यांत शेवटी आले, आणि त्यातही फुलवालीचा अगदी शेवटी. एवढं वय झालं तरी मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. फोनवरचा फोटो कधी आला आणि कधी गेला ते कळत नाही. ह्याच्यासाठी चार माणसं डोक्याला डोकं लावून उभी राहतात. आणि त्याची दुसरी प्रत नाही. जो कागद हातात आहे तोच फोटो.

मुलीने तो फुलवालीच्या हातात दिला. "हा तुमचा. आणि हा अज्जीला कापता येणार नाही. कड कापली तर आतलं औषध बाहेर येतं." मग तिला नाल्कूची सगळी गोष्ट सांगितली, अल्बमही दाखवला. फुलवाली कोपर बघून हसली, अर्धी सायकल बघून त्याहून हसली. मुलीने पान उलटलं आणि ती हसायची थांबली.

तो आमच्या स्कूटरचा फोटो होता. स्कूटर नवी होती, तिला हार घातलेला. कॅमेरा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवून वडिलांनी खटका लावला होता आणि ते धावत येत होते. त्यांचा एक पाय अजून हवेत आहे. शेजारी आई, पुढे अर्ध्या चड्डीतला मी. आणि उजव्या कडेला एक हात. कोपरापासून पुढचाच. त्यावर फुलांची माळ ताणून धरलेली, मनगटाच्या वर विंचवाचं गोंदण.

"इदु नम्मम्मन कै," फुलवाली म्हणाली. हा माझ्या आईचा हात.

ती कन्नडमध्येच बोलत राहिली, हळू आवाजात, अल्बमवरची नजर न काढता. ती शाळेत जायच्या आधीच तिची आई तापाने गेली. घरात एकही फोटो नाही. आई फुलं मोजायला लागली की हा विंचू तिच्या डोळ्यांसमोर यायचा, त्यामुळे तो नीट आठवतो. चेहरा आठवत नाही. "खूप आठवून बघते. येतच नाही. मावशी म्हणायची, तू अगदी तिच्यासारखी. मामा म्हणायचे, कुठे, अजिबात नाही." मग तिने ते पान उचलून मागची बाजू बघितली. उरलेला भाग तिथे असेल, असं तिला वाटलं असावं.

मुलगी रडायच्या बेताला आली होती. माझी आई म्हणाली, "मी कापलं ग. माझ्या हाताने कापलं." फुलवालीने तिचा हात धरला. "तुम्हाला काय माहीत, अम्मा," म्हणाली. मग आपला नवा फोटो पदरात नीट गुंडाळून घेतला, टोपली उचलली आणि पुढच्या घरी गेली. तिच्या गिऱ्हाइकांचे दिवे लागायची वेळ झाली होती.

आई अल्बम मांडीवर घेऊन त्याच पानाशी बसून राहिली. मी उगाचच काहीतरी बोललो, त्या काळी सगळेच असं करायचे, वगैरे. "सुम्ने बस," तिने मला गप्प केलं. मग एकदम म्हणाली, "तुझ्या वडलांच्या त्या काळ्या पट्ट्या कुठे आहेत रे? फोटो मी कापले. पट्ट्यांना मी कधी हात लावला नाही. ते लावूच द्यायचे नाहीत."

निगेटिव्ह! मला सुचलंच नव्हतं. वडील त्या पट्ट्या बटर पेपरमध्ये गुंडाळून बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवायचे आणि डबा कपाटावर. त्यांच्या मागे ते कपाट दोनदा रंगवलं, डबा मात्र दर वेळी पुन्हा वर गेला. सकाळी खिडकीशी बसून मी एकेक पट्टी उजेडात धरली. मुलीने निगेटिव्ह पहिल्यांदाच पाहिलं. काळे चेहरे, पांढरे केस. "सगळेच भूत," ती म्हणाली. मला त्या भुतांत माझे वडील लगेच ओळखू आले, हवेतल्या पायावरून. आणि त्याच चौकटीत, उजव्या कडेला, हात, खांदा, मान, डोकं. अख्खी बाई. कात्रीने जे नेलं ते ह्या पट्टीने इतकी वर्षं धरून ठेवलं होतं. वडील गेल्यानंतर त्यांचा इतका अभिमान मला क्वचितच वाटला असेल.

पण चेहरा नखाएवढा आणि काळा. तो कसा आहे ते काही कळेना. शिवाय कडेने पट्टीवर बुरशीचे ठिपके दिसत होते.

लष्कर मोहल्ल्यातला स्टुडिओ अजून आहे. पूर्वीच्या मालकांचा मुलगा चालवतो, पासपोर्ट फोटो आणि लग्नाचे बॅनर करतो. त्याने पट्टी भिंगाखाली धरली. बुरशीने किती खाल्लंय ते मशीनवर घातल्याशिवाय सांगता येणार नाही, म्हणाला. उद्या या. "उद्या?" मुलगी माझ्या कानात किंचाळली. मी तिला म्हणालो, बघ, आता कळेल रोल धुवायला टाकणं म्हणजे काय असतं. बोललो खरा, पण पट्टी तिथे सोडून माझाच पाय निघत नव्हता. वाट पाहण्याचं सुख वगैरे मी जे म्हणतो, ते आपलाच चेहरा यायचा असतो तेव्हाचं.

संध्याकाळी फुलवाली आली तेव्हा आम्ही तिला काही सांगितलं नाही. आईची सक्त ताकीद होती. चेहऱ्यावरच बुरशी निघाली तर त्या पोरीने आपली आई किती वेळा गमवायची? आईने एरवीपेक्षा जास्त फुलं घेतली, आणि नंतर इतक्या फुलांचं काय करायचं म्हणून माझ्यावरच चिडली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाला मला बघून हसला. "बुरशी तुमच्या स्कूटरच्या मागच्या चाकावर आहे, सार. बाईंना काही झालेलं नाही." पाकीट त्याने माझ्यापुढे ठेवलं, बघा ना, म्हणाला. मी ते उघडलं नाही. पाकीट पहिल्यांदा कोण उघडणार यावरून लहानपणी मी आईशी मारामारी केलेली आहे. पण ह्या पाकिटावर माझा हक्क नव्हता.

संध्याकाळी आईने फुलवालीला आत बोलावलं, खुर्चीवर बसवलं आणि पाकीट तिच्या हातात दिलं. काय आहे ते सांगितलं. तिने हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि फोटो बाहेर काढला.

मी तिच्या मागे उभा होतो. चेहरा स्वच्छ आला होता. निमुळता, नाकात चमकी, ओठ जरासे उघडे. वीस-बावीस वर्षांची मुलगी असेल, माझ्या मुलीहून लहानच.

"अम्मा इष्टु चिक्कवळा?" फुलवाली म्हणाली. आई एवढी लहान होती?

तिने त्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं, कागदाला न लावता. मग एका हाताने स्वतःची हनुवटी चाचपून बघितली, नाक बघितलं. मामा खरं सांगायचे की मावशी, ते तिने ठरवलं असावं, पण आम्हाला सांगितलं नाही. माझी आई पलीकडे तोंड करून डोळे पुसत होती.

माझी मुलगी खाली वाकून फोटो बघत होती. फोटोत आम्ही तिघं कॅमेऱ्याकडे बघतोय, धावणारे वडीलसुद्धा. फुलवालीची आई एकटीच बघत नाहीये. माळ धरलेला हात तसाच लांब ठेवून तिने मान खाली घातलीय आणि फोटोच्या बाहेर, जमिनीकडे कुठेतरी बघतेय. असा फोटो म्हणजे वडिलांच्या हिशोबी फुकट गेलेला.

"त्या कॅमेऱ्याकडे बघतच नाहीयेत," मुलगी कन्नडमध्ये म्हणाली. "कुठे बघतायत?"

फुलवालीने फोटोच्या खालच्या कडेला बोट ठेवलं, जिथे कागद संपतो तिथे.

"नानू अल्ले कूत्कोतिद्दे," ती म्हणाली. मी तिथेच बसायचे. "नन्नन्ने नोड्ता इदाळे."

मलाच बघतेय.